टॅबवर चित्रं काढून घेऊन मानसिक आरोग्य तपासायचं आहे : काय नोंदवावं, काय सोडावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळांतली आठवी ते दहावीची सुमारे ४०० मुलं आणि त्याच गावांतले साठीपुढचे ६०-७० जण, अशी तपासणी जूनपासून करायची आहे. हाताशी १०.४ इंची ४ टॅब आहेत (पेन बॅटरीशिवाय चालणारं), एक समुपदेशक आणि दोन आशाताई. एका ॲपवाल्यांचं म्हणणं असं, की मुलाला घर, झाड आणि माणूस काढायला लावा, पाच मिनिटांत नैराश्य आणि चिंता टक्क्यांत मिळेल. टक्के कशावरून काढतात ते विचारलं की विषय बदलतात.

प्रश्न असे : चित्रात काय काढलंय ते बघायचं की कसं काढलंय ते? मुलांना आणि म्हाताऱ्यांना एकच कामं द्यावीत का? टॅबमधून कोणते आकडे साठवायचे? घरी मराठी, बाहेर पाट्या कन्नड, मोबाइलवर आकडे इंग्रजी, अशा ठिकाणी परदेशी चाचण्या जशाच्या तशा चालतील का? परवानग्यांचंही कुणाला माहीत असेल तर सांगा.

तिसरी खुर्ची

टक्के देणारं ॲप आधी बाजूला ठेवा.

घर-झाड-माणूस ही बक यांची १९४८ ची पद्धत. माणसाच्या चित्रावरून स्वभाव सांगायची रीत मॅकोव्हर यांची, १९४९ ची. दोन्हींत खुणांचे अर्थ ठरलेले : डोळे मोठे म्हणजे संशयी, हात नाहीत म्हणजे असहाय, वगैरे. चॅपमन दांपत्यानं १९६७ मध्ये हे तपासलं. विद्यार्थ्यांना माणसांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राखाली कुठलीतरी लक्षणं वाटेल तशी लावून दिली. चित्राचा लक्षणाशी काडीचा संबंध नव्हता. तरी ‘संशयी माणसं डोळे मोठे काढतात’ हे विद्यार्थ्यांना तिथं ‘दिसलंच’. अनुभवी मानसतज्ज्ञही नेमके हेच अर्थ सांगत होते. बघणाऱ्यानं अर्थ घरूनच आणला होता. पुढं २००० साली लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी अशा चाचण्यांचा मोठा आढावा घेतला, तेव्हाही माणसाच्या चित्रातल्या सुट्या खुणांवरून निदान करायला आधार मिळाला नाही. तेच अर्थ यंत्राला शिकवले की तीच चूक जास्त वेगानं होते, एवढाच फरक.

आणि इथल्या पोरांना ते अर्थ लावायचे कसे? धुराडं नाही म्हणजे घरात ऊब नाही, असं त्या पुस्तकी रीतीत म्हणतात. आपल्या कौलारू घराला धुराडंच नसतं. वर चित्रकलेच्या तासाची सवय : दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, कडेला नारळाचं झाड. निम्म्या वर्गाच्या पडद्यावर हेच उतरणार. त्यातून घरचं सुखदुःख वाचायला बसलात तर वाचाल ते सगळं तुमचंच असेल.

आता हिशेब. समजा ४०० मुलांत १० टक्क्यांना खरंच नैराश्य आहे, म्हणजे ४० जणांना. आणि समजा ॲप खऱ्या रुग्णांतले ७० टक्के पकडतं, निरोग्यांतल्या ७० टक्क्यांना बरोबर सोडतं. मग ४० पैकी २८ सापडतील, १२ निसटतील. उरलेल्या ३६० पैकी १०८ जणांवर उगाच शिक्का बसेल. यादीत १३६ नावं आणि त्यांत खरी २८. एका समुपदेशकाला ही यादी झेपणार नाही, आणि त्या १०८ घरांत काय बोललं जाईल ते वेगळंच. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत; विक्रेत्याकडे त्याचे खरे आकडे मागा, आणि ते कुठल्या वयाच्या, कुठल्या भाषेच्या लोकांवर काढले तेही विचारा.

‘कसं काढलंय’ यात मात्र दम आहे. नैराश्यात विचाराबरोबर हातही मंदावतो. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये साब्बे, हुलस्टाइन वगैरेंनी डिजिटल पाटीवर रेघा आणि आकृत्या काढून घेतल्या, तेव्हा नैराश्याच्या रुग्णांना सुरुवात करायला आणि हात फिरवायला दोन्हीला जास्त वेळ लागत होता. २०१७ चा इमोथॉ नावाचा माहितीसंच आहे : १२९ जण, सात कामं (पंचकोन आणि घर बघून काढणं, घड्याळ, वर्तुळं, लिखाण), आणि पेन टेकलेला वेळ व हवेतला वेळ वेगळा मोजलेला. पण त्यातलं नैराश्य डॉक्टरनं तपासून ठरवलेलं नव्हतं; डास नावाच्या प्रश्नावलीतल्या गुणांवरून ठरवलं होतं. मग इतकं सगळं करून यंत्र शेवटी प्रश्नावलीचाच अंदाज बांधत असेल, तर सरळ प्रश्नावलीच का देऊ नये?

आणि मंद हाताला कारणं अनेक : अपुरी झोप, थायरॉइड, पार्किन्सन्स, मनोविकाराची काही औषधं, किंवा नुसतं पहिल्यांदाच पेन हातात घेणं. आकडा मंदपणा दाखवतो, कारण दाखवत नाही.

म्हणून मुलांसाठी माझा सल्ला : आधी पीएचक्यू-नऊची (नैराश्याबद्दलच्या नऊ प्रश्नांची) किशोरांसाठीची आवृत्ती, समुपदेशकाशी समोरासमोर. चित्र हवं तर बोलणं सुरू करायला घ्या, गुण देऊ नका. ज्यांचे उपचार सुरू होतील त्यांच्याकडून तीच दोन-तीन रेषाकामं सुरुवातीला, ४ आठवड्यांनी आणि ८ आठवड्यांनी करून घ्या. तुलना ज्याची त्याच्याशीच. यातून थोडंफार खरं हाताशी लागतं.

ठिपका_रेघ

वरच्यांशी सहमत. मी यंत्राच्या बाजूनं लिहितो, कारण या कामात निम्मा कचरा तिथंच तयार होतो.

प्रत्येक क्षणाला हे साठवा : आडवी जागा, उभी जागा, वेळ (मिलिसेकंदांत), दाब, पेनचा कल, आणि पेन टेकलंय की हवेत. बाकी सगळं, म्हणजे वेग, थांबे, रेघांची संख्या, नंतर यातूनच काढता येतं. कच्चा डेटा फेकून नुसते ‘गुण’ साठवणारं ॲप घेऊ नका. पुढच्या वर्षी सूत्र बदललं की हातात काही उरत नाही.

तुमचं बॅटरीशिवायचं पेन विद्युतचुंबकीय जातीचं आहे, ते बरं. टोक काचेपासून साधारण १ सेंमीवर असेपर्यंत टॅबला ते दिसतं, म्हणून दोन रेघांमधला हवेतला रस्ताही मिळतो. त्याहून वर उचललं की रस्ता तुटतो, वेळ तरी मोजता येते. दुकानात शंभर रुपयांना मिळणारं रबरी टोकाचं पेन म्हणजे टॅबच्या लेखी बोटच. त्यात दाबही नाही, हवेतलंही नाही. बोटानं काढलेलं आणि पेननं काढलेलं एका तक्त्यात कधी घालू नका.

ब्राउझरवर चालणारं ॲप असेल तर फसवणूक अशी होते : पेन सेकंदाला शंभराहून जास्त नोंदी देतं, ब्राउझर मात्र पडद्याच्या गतीनं, म्हणजे साधारण ६०, पुढं पाठवतो आणि मधल्या नोंदी एका गठ्ठ्यात बांधतो. तो गठ्ठा सोडवणारा आदेश (‘गेटकोअलेस्डइव्हेंट्स’) प्रोग्रॅमरनं वापरलाय का ते विचारा. वेळही त्या नोंदीचीच घ्यायची, प्रोग्रॅम चालला त्या क्षणाची नाही. दाब सगळीकडे नेमका ०.५ दिसत असेल तर खूश होऊ नका. दाब मोजता येत नसला की ब्राउझर हाच आकडा भरतो.

पिक्सेलचे मिलिमीटर करून ठेवा. २००० बाय १२०० च्या १०.४ इंची पडद्यावर १ मिमी म्हणजे साधारण ८.८ पिक्सेल. पण ब्राउझर स्वतःचे वेगळे पिक्सेल मोजतो, तेव्हा पट्टी लावून १०० मिमीची रेघ ओढून खात्री करा. चारही टॅबवर.

बारीकसारीक, पण नडणारं : पडदा फिरणं बंद. बॅटरी बचत बंद (नोंदींचा वेग पडतो). तळहाताचा स्पर्श ॲपनं दुर्लक्षित केलाच पाहिजे, नाहीतर चित्राच्या कोपऱ्यात भलत्याच रेघा येतात. गुळगुळीत काचेवर पेन घसरतं, अक्षर मोठं आणि भरभर येतं. चारही टॅबना एकाच जातीची खरखरीत फिल्म लावा. मधेच फिल्म बदलली तर तारीख लिहून ठेवा. पेनचं टोक झिजलं तरी घर्षण बदलतं. आणि टॅब टेबलावर सपाट. मांडीवर नको, भिंतीला टेकवून नको.

वेग काढताना एका नोंदीतून दुसरी सरळ वजा केली तर आलेख काटेरी येतो. आधी नोंदी समान अंतरावर आणा, मग १० ते १२ हर्ट्झच्या वरचं गाळा. फक्त थरथर बघायची असेल तेव्हा ही गाळणी लावू नका. साधारण थरथर ४ ते १२ हर्ट्झमध्येच असते, तिचाच काही भाग गाळून बसाल.

निपाणीकर

साठीपुढच्यांबद्दल लिहितो. तिथं चित्रकामाला खरा आधार आहे, पण तो आधार स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाचणीसाठी आहे. ‘मानसिक आरोग्य’ म्हणून सगळं एका पोत्यात घालू नका.

घड्याळाची चाचणी घ्या. सूचना : ‘घड्याळाचं मोठं वर्तुळ काढा, सगळे आकडे घाला आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ ही वेळ मुद्दाम निवडलेली आहे. ‘दहा’ ऐकल्यावर मोठा काटा २ वर न्यायचा की शेजारच्याच १० वर ओढला जायचा, तिथं मेंदूचा लगाम कळतो. म्हणून ‘अकरा-दहा’ असं तोडून म्हणू नका, आणि मदत म्हणून ‘सव्वा अकरा’ तर अजिबात नको. मग सापळाच उरत नाही. कन्नड घरात ‘हन्नोंदु गंटे हत्तु निमिष’ म्हणा. एका घरात एकच भाषा, आणि कुठली ती नोंदवा. दोन्ही आशाताईंनी तेच वाक्य तसंच म्हणायचं, वाटल्यास टॅबमधूनच ऐकवा.

आकडे मराठी, कन्नड, इंग्रजी, रोमन काहीही चालतील. आपल्याकडं एकाच घड्याळात पाचपर्यंत मराठी आणि पुढं इंग्रजी असंही येतं; क्रम आणि जागा बरोबर असेल तर गुण कापू नका, नुसती नोंद करा.

गुण शुलमन यांच्या ० ते ५ च्या रीतीनं द्या. ५ म्हणजे निर्दोष. ४ म्हणजे अंतरात किरकोळ चुका. ३ म्हणजे घड्याळ ठीक पण वेळ चुकली. २ म्हणजे आकड्यांचीच अशी विस्कट की काटे नीट दाखवता येत नाहीत. १ म्हणजे त्याहून वाईट, ० म्हणजे घड्याळासारखं काहीच नाही. ३ किंवा कमी असेल तर पुढं पाठवा. मग तेच घड्याळ समोर ठेवून बघून काढायला लावा. सांगून बिघडतं आणि बघून जमतं, तर आठवण आणि आखणी यांत अडचण असण्याचा संभव. दोन्ही बिघडलं तर नजर आणि हाताच्या मेळाकडे आधी बघायचं.

डिजिटलचा फायदा इथं दिसतो. अमेरिकेत हीच चाचणी कॅमेरावाल्या पेननं घेतात. ते पेन सेकंदाला ८० वेळा जागा नोंदवतं. शेवटचा आकडा लिहून पहिला काटा सुरू करेपर्यंतचा थांबा हा त्यांचा एक आवडता आकडा. कागदावर दोन घड्याळं सारखी दिसतात. एकानं काट्यापूर्वी २ सेकंद घेतले आणि दुसऱ्यानं १४, हे कागद सांगत नाही. २०१४ साली नैराश्याच्या रुग्णांतही ‘विचारात गेलेला वेळ’ आणि ‘हात चालला तो वेळ’ असा वेगळा हिशेब करून पाहिला गेलाय.

आता अडचणी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला घड्याळ काढायला लावणं म्हणजे तिची शाळा तपासणं. तिथं ही चाचणी सोडा. निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगडला हिंदीत तयार झालेली एचएमएसई ही तोंडी चाचणी आहे, आणि रोजच्या कामांवरची प्रश्नावली (वाट सापडणं, ताटातलं कालवून खाणं) घरच्यांना विचारता येते. आयसीएमआरचा स्मृतिभ्रंशासाठीचा चाचणीसंच आधी पाच भाषांत आला, त्यांत कन्नड आहे, मराठी नाही. त्याचं आपलं आपण भाषांतर करून ‘तेच प्रमाण’ म्हणू नका.

हाताचं कामही बघा. निपाणीकडं बिडी वळणाऱ्या बायकांची बोटं चपळ, शहापूर-वडगावात मागावर बसलेल्यांची नजर तयार, उद्यमबागेत ग्राइंडर चालवलेल्या माणसाचा हात मात्र थरथरू शकतो. रोज ठिपक्यांची रांगोळी घालणारी बाई बघून काढायच्या आकृतीत सहज पुढं जाते. व्यवसाय, शिक्षणाची वर्षं, चष्मा, डावरेपणा आणि औषधं हे पाच रकाने रिकामे ठेवायचे नाहीत. लिथियम, व्हॅलप्रोएट, दम्याचं सालब्युटामॉल या तिन्हींनी हात कापतो. तासाभरात तंबाखू, चहा घेतलाय का तेही विचारा.

मलप्रभाकाठ

फार उपयोगी. तीन गोष्टी राहिल्या. दाब (प्रेशर) ठेवायचा का टाकायचा? अक्षर-आकडे जोडायची चाचणी मुलांना द्यावी का? आणि पीएचक्यूतला नववा, म्हणजे मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का, हा प्रश्न शाळेत विचारायची मुख्याध्यापकांना भीती वाटते.

ठिपका_रेघ

दाब साठवा, निष्कर्षात वापरू नका. प्रत्येक पेनचा दाबाचा आलेख वेगळा असतो. क्रमांक टाकून तेच पेन त्याच टॅबला बांधलं तर त्याच माणसाच्या दोन भेटींत तुलना तरी विचारात घेता येते.

तिसरी खुर्ची

मी तर दाबाचा रकाना अहवालातून काढूनच टाकेन. आकडा समोर आला की कुणीतरी ‘जोरात दाबतो म्हणजे राग आहे’ असं लिहितंच.

जोडायच्या चाचणीबद्दल. मूळ चाचणीच्या पहिल्या भागात १ ते २५ आकडे ओळीनं जोडायचे, दुसऱ्यात एक आकडा एक अक्षर असं आलटून पालटून. मराठी करताना क-ख-ग घेतलं तर ङ वर सगळे अडतात. अ-आ-इ-ई बरं, पण इंग्रजी मुळाक्षरांइतकी ती ओळ सगळ्यांच्या जिभेवर नसते, त्यामुळे इंग्रजीचे सेकंदांचे निकष लागू नाहीत. अक्षरं टाळून दोन रंगांत आकडे दिलेली पद्धतही आहे, ती या भागाला जास्त सोयीची. दुसऱ्या भागाच्या वेळेतून पहिल्याची वजा केली की हाताच्या मंदपणाचा वाटा बराच निघून जातो. पण एवढं करून तुम्हाला कळणार काय, तर लक्ष बदलायची चपळाई. नैराश्य नव्हे. ४०० मुलांना देऊ नका. अभ्यासात अचानक घसरलेल्या आठ-दहा जणांसाठी ठेवा.

नववा प्रश्न गाळू नका. विचारल्यानं मुलाच्या डोक्यात विचार भरतो ही समजूत चुकीची आहे. तो गाळून बाकी आठ विचारायचे तर चाचणी का घेताय हेच कळत नाही. भीती असेल तर तयारी करा : ज्या दिवशी विचारणार त्या दिवशी समुपदेशक शाळा सुटेपर्यंत थांबणार, ‘हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाशी त्याच दिवशी एकट्याला बसवून बोलणार, एकूण गुण कितीही कमी असले तरी. चित्रात फास, विहीर, ‘मला नको’ असं काही आलं तरी तेच : अर्थ लावत बसू नका, सरळ विचारा. धोका वाटला तर मुलाला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं, टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ ला फोन करायचा. तिथं भाषा निवडता येते. तालुका इस्पितळात कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य योजनेत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. तुमच्या इथला वार आणि वेळ आधी विचारून भिंतीवर लावा. पुढची पायरी म्हणजे बेळगावचं जिल्हा इस्पितळ किंवा धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था.

निपाणीकर

परवानग्यांचं थोडक्यात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, आणि त्याच्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायला सांगितलंय. मुख्याध्यापकांची सही किंवा एसडीएमसीचा (शाळेच्या विकास समितीचा) ठराव तिची जागा घेऊ शकत नाही. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा; बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात कन्नड लागतं, घरी मराठी वाचलं जातं. ‘चित्रकला स्पर्धा’ असं सांगून चित्रं काढून घेऊ नका, ती फसवणूक झाली. निष्कर्ष छापायचा विचार असेल तर आधी नीतिमत्ता समितीची मंजुरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली गोपनीयता टॅबलाही लागू समजा : पडद्यावर मुलाचं नाव, सही नको, क्रमांक द्या. नाव-क्रमांकाची वही समुपदेशकाच्या कपाटात, टॅब त्या कपाटात नाही.

ठिपका_रेघ

पहिल्या दिवसाचा क्रम सुचवतो, वेळेसकट. २ मिनिटं सराव : तीन बाय तीन ठिपके जोडा, मग १० सेंमीच्या सरळ रेघा ओढा. शेवटच्या दोन रेघांच्या वेळेत दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक पडेपर्यंत पुढं जायचं नाही; म्हाताऱ्यांना कधी बारा रेघा लागतात, लागू द्या. मग मधून बाहेर तीन वेढ्यांचं चक्र, आधी उजव्या हातानं, मग डाव्या, मनगट न टेकता. मग बघून काढायची आकृती, आणि मोठ्यांना घड्याळ. सगळं मिळून १२ ते १५ मिनिटं. सूचना ऐकवून झाली त्या क्षणी ॲपनं खूण टाकली पाहिजे, नाहीतर सुरुवातीचा थांबा कुठून मोजायचा तेच कळत नाही. मधे कुणी हाक मारली, वीज गेली, पेन पडलं, तर ‘व्यत्यय’ असं एक बटण ठेवा. हे बटण नसेल तर लाइट जाऊन गेलेले चाळीस सेकंद नंतर तक्त्यात ‘विचारात गेलेला वेळ’ म्हणून बसतात.

मलप्रभाकाठ

बटण सांगून घालून घेतो. मुलांचं घर-झाड-माणूस रद्द. घड्याळ फक्त कमीत कमी सातवीपर्यंत शिकलेल्या मोठ्यांना, बरोबर?

निपाणीकर

सातवी असा पक्का आकडा नको. भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ दाखवून आधी वेळ वाचायला सांगा. वाचता आली तर चाचणी द्या, आणि शिक्षणाची वर्षं रकान्यात आहेतच.